एनडीपीएसमध्ये घरचं माणूस आत गेलंय, जामिनासाठी नेमकं काय करायचं (नाशिककरांसाठी)

हे लिहितोय ते ज्यांच्या घरातला मुलगा, नवरा, भाऊ एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, गुन्ह्यात धरला गेलाय त्यांच्यासाठी. मी नाशिकच्या कोर्टात फौजदारी केसेस बघतो आणि घरचे लोक येतात तेव्हा पहिले महत्त्वाचे दिवस बऱ्याचदा वाया गेलेले असतात, कारण ते दिवस नगरसेवकाकडे, कुणाच्या तरी ओळखीतल्या साहेबांकडे, नायतर सीबीएसला (मध्यवर्ती बस स्टँडजवळ) कोर्टाबाहेर "मी करून देतो, थोडा खर्च येईल" म्हणणाऱ्या माणसाकडे गेलेले असतात. बायकांच्या गळ्यातलं मोडून पैसे दिलेले असतात आणि हातात कागद एक पण नसतो. एवढंच सांगायचंय की या कायद्यात जामीन ओळखीवर नाही, वजन आणि तारीख या दोन गोष्टींवर फिरतो. कागदावर किती माल दाखवलाय, आणि पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने कोठडीत पाठवायचा पहिला हुकूम, कुठल्या तारखेला झाला. ह्या दोन गोष्टी तुम्हाला माहीत असतील तर कुठलाही वकील तुम्हाला गंडवू शकत नाही, आणि चांगला वकील असेल तर त्याचं काम सोपं होतं.

पहिल्या दिवशी काय गोळा करायचं

एफआयआरची कॉपी घ्या. आरोपीला ती मागता येते, आणि बरेचसे एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर पण टाकलेले असतात. मग रिमांड रिपोर्टची कॉपी, जी पोलीस कोर्टात देतात आणि ज्यात "आरोपीची पोलीस कस्टडी मिळावी" अशी कारणं लिहिलेली असतात. आणि तिसरा कागद म्हणजे अटकेची कारणं लिहून दिलेला कागद. ह्याकडे लोक बघतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मिहिर शाह केसमध्ये (आपल्या महाराष्ट्रातलीच केस) स्पष्ट सांगितलंय की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं आरोपीला लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यायची, लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडला हजर करायच्या दोन तास आधी तरी द्यायचीच. म्हणून मुलाला भेटाल तेव्हा "मारलं का, जेवलास का" हे विचाराच पण त्याबरोबर हेही विचारा की सही कशावर घेतली, कुठल्या भाषेत होतं, कधी घेतली, वाचून दाखवलं का. आणि लगेच तारीख वेळ टाकून वहीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

चोवीस तासांच्या आत कोर्टात हजर केलं का तेही बघा, आणि हा वेळ कागदावरच्या अटकेच्या वेळेपासून धरू नका, घरातून खरं कधी नेलं तिथपासून धरा. घराजवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याचं फुटेज लगेच मागून ठेवा, बऱ्याच डीव्हीआरमध्ये थोड्याच दिवसात जुनं आपोआप पुसलं जातं.

वकील परवडत नसेल तर लाजायचं कारण नाही. कस्टडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्येच आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. फुकट वकील म्हणजे कामचलाऊ वकील असं समजू नका.

वजन

एनडीपीएसमध्ये प्रत्येक मालाची तीन खाती असतात, अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण ज्याला कोर्टात सगळे कमर्शिअल म्हणतात, आणि दोघांच्या मधलं. गांजा १ किलोच्या आत अल्प, २० किलोच्या वर कमर्शिअल. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ज्याच्या केसेस सध्या आपल्याकडे ऐकू येतात, त्याचं २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एमडीएमए वेगळं, त्याचं तर १० ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शिअल. नावं सारखी वाटतात म्हणून घरचे लोक गोंधळतात, एफआयआरमध्ये नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचा.

कमर्शिअल म्हणजे कायद्यात त्या आकड्यापेक्षा "जास्त" असं आहे. बरोब्बर २० किलो गांजा कमर्शिअल होत नाही. हा फरक पानावर छोटा दिसतो पण शिक्षेत केवढा आहे बघा: अल्प असेल तर १ वर्षापर्यंत, मधलं असेल तर १० वर्षांपर्यंत, आणि कमर्शिअल असेल तर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, वर १ ते २ लाख दंड. आणि जामिनाचा खरा अडसर, म्हणजे कलम ३७, तो कमर्शिअलला लागतो, शिवाय कलम १९, २४ आणि २७अ ला लागतो. मधल्या आणि अल्प प्रमाणाला कलम ३७ च्या त्या कडक अटी लागत नाहीत, तिथे जामीन नेहमीच्या गुन्ह्यासारखा मागता येतो. पण म्हणून तो जामीनपात्र गुन्हा आहे, पोलीस स्टेशनलाच सोडतील असं समजू नका, मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये रिया चक्रवर्तीच्या ऑर्डरमध्येच सांगितलंय की एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, अर्ज करावाच लागतो.

त्याच ऑर्डरमध्ये अजून एक कामाची गोष्ट आहे. कलम २७अ म्हणजे ड्रग्जच्या धंद्याला पैसा पुरवणं, आणि हे कलम लावलं की वजन कितीही कमी असलं तरी ३७ मागे लागतं. हायकोर्टाने तिथे म्हटलं की कुणासाठी तरी माल घ्यायला पैसे दिले म्हणजे आपोआप धंद्याला फायनान्स केलं असं होत नाही. तुमच्या केसमध्ये माल थोडा आणि कलम मात्र २७अ लावलेलं दिसलं, तर वकिलाचं बोट आधी तिथे ठेवा.

आता पंचनामा कसा वाचायचा ते गांजाच्या उदाहरणावर सांगतो कारण इथे खूप काही लपलेलं असतं. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, "हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, काड्या, बिया मिश्रित वनस्पती, गोणीसह वजन २१ किलो ४०० ग्रॅम". हे वाक्य हळू वाचा. पहिलं, गोणीसह. मग गोणी, प्लास्टिक, चिकटपट्टी वगळून निव्वळ वजन किती? ते कुठे लिहिलंय का? दुसरं, कायद्यातली गांजाची व्याख्या ही झाडाच्या फुलोऱ्याची, फळं धरलेल्या शेंड्याची आहे, शेंडा सोबत नसेल तर नुसती पानं आणि बिया गांजात धरत नाहीत. मग पानं बिया काड्या वेगळ्या करून वजन केलं का? इथे २१ किलोचे १८ झाले की केस कमर्शिअलमधून मधल्या खात्यात येते आणि कलम ३७ गळून पडतं. मुंबई हायकोर्टाने या मुद्द्यावर जामीन दिलेले आहेत. मात्र हेच डोकं एमडी नायतर हेरॉईनला चालत नाही, तिथे भेसळ धरून पूर्ण वजन मोजायचं असं सुप्रीम कोर्टाने २०२० च्या हिरा सिंग निकालात पक्कं केलंय. "साहेब त्यात निम्मी पावडरच होती" याचा आता उपयोग नाही.

माल कुणाकडे सापडला

वजनाच्या खालोखाल हा प्रश्न. माल अंगावर सापडला, बॅगेत सापडला, गाडीत सापडला, घरात सापडला, की काहीच सापडलं नाही आणि दुसऱ्या आरोपीने नाव घेतलं म्हणून उचललं?

अंगझडती असेल तर कलम ५० येतं. पोलिसांनी त्याला सांगायलाच लागतं की तुला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क आहे. हे सांगणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा निकालात ठरवलंय. पण बॅग, गाडी, डिकी यांना कलम ५० लागत नाही, आणि लोक नेमके इथेच वकिलाशी भांडतात की "तुम्ही ५० चा मुद्दा का नाही घेतला". नसेल लागत तर नाही घेणार ना.

आगाऊ खबर मिळाली होती तर कलम ४२, खबर लिहून घेतली का आणि ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली का. सूर्यास्तानंतर घरात शिरले असतील तर त्याची कारणं नोंदवली का. सॅम्पल कुणी काढलं, मॅजिस्ट्रेटसमोर काढलं की रस्त्यावरच, हे कलम ५२अ, आणि २०२२ पासून त्याचे वेगळे नियमच आहेत. पण इथे खोटी आशा देत नाही, डिसेंबर २०२४ च्या काशिफ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ५२अ पाळायला उशीर झाला किंवा चूक झाली एवढ्यावरच जामीन मिळत नाही. जो कुणी तुम्हाला "सॅम्पलिंगमध्ये चूक आहे, सुटलाच समजा" म्हणेल त्याला हा निकाल विचारा.

आणि शेवटचा प्रकार, नुसतं नाव घेतलेला. टेम्पोचा ड्रायव्हर पकडला, त्याने सांगितलं माल अमक्याचा, आणि अमक्याला घरून उचललं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही हे तर जुनंच आहे, पण एनसीबी, डीआरआय सारख्या केंद्रीय तपास संस्थांचे अधिकारी कलम ६७ खाली जो जबाब घेतात तोसुद्धा कबुलीजबाब म्हणून चालत नाही हे २०२० च्या तोफान सिंग निकालाने झालं. म्हणजे मुलाकडून काही मिळालं नाही, पैशाचा व्यवहार नाही, फक्त सहआरोपीचा जबाब आहे, तर ही जामिनाची चांगली केस आहे, कमर्शिअल असली तरी. मात्र सीडीआरमध्ये (फोनच्या कॉल रेकॉर्डमध्ये) दोघांचे रोजचे कॉल, खात्यावर पैसे, व्हॉट्सअॅप चॅट असं निघालं तर चित्र बदलतं. म्हणून वकिलाला खरं सांगा. घरच्यांना फार वाटतं की वकिलासमोर पण आपलं पोरगं साधं दाखवावं, आणि मग भर कोर्टात सरकारी वकील चॅटचे प्रिंट काढतात. आणि कृपा करून घरी राहिलेला फोन फॉरमॅट करू नका, चॅट उडवू नका, तो वेगळा गुन्हा होतो आणि जामिनाला तर सरळ मारक.

कलम ३७ म्हणजे नक्की काय

दोन अटी. सरकारी वकिलाला विरोध करायची संधी द्यायची, आणि त्यांनी विरोध केला तर कोर्टाचं समाधान झालं पाहिजे की एक, आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि दोन, जामिनावर सुटल्यावर तो गुन्हा करण्याची शक्यता नाही. नेहमीच्या गुन्ह्यात कोर्ट पळून जाईल का, साक्षीदार फोडेल का एवढं मुख्यत: बघतं, इथे तर खटला चालायच्या आधीच निर्दोष वाटतो का ते बघायचंय. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मोहित अगरवाल निकालात हेही सांगितलं की नुसतं चार्जशीट आलं, काही महिने आत काढले, एवढ्याने ३७ ओलांडलं जात नाही.

वकिलाचा युक्तिवाद आरोपी दोषी नाही यावर असतो पण सुटल्यावर गुन्हा करणार नाही हे दाखवणं घरच्यांच्या हातात आहे आणि तिथे तुम्ही खरंच काम करू शकता. आधी एकही गुन्हा नाही हे, कंपनीचं पत्र (अंबड सातपूरच्या कंपनीत कंत्राटी असला तरी सुपरवायझरचं पत्र, पगाराच्या स्लिपा), कॉलेजचं बोनाफाईड, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आईवडिलांच्या आजाराचे कागद, लहान मुलांचे जन्मदाखले. हे सगळं पहिल्याच अर्जाला जोडा. मागचा गुन्हा असेल तर लपवू नका, आयओच्या सेमध्ये तो येणारच. से म्हणजे तपास अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं, तो आला की त्याची कॉपी मागून घ्या आणि एकदा स्वत: वाचा, कारण त्यात पत्ता चुकलेला, दुसऱ्याच माणसाचे गुन्हे चिकटवलेले असे प्रकार होतात आणि ते घरच्यांनाच पटकन कळतं.

मुलगा स्वत: व्यसनी असेल आणि माल अल्प किंवा फक्त सेवनाचं कलम २७ असेल तर कलम ६४अ विसरू नका. स्वत:हून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. अशा पोराला जेलपेक्षा डॉक्टरची गरज आहे आणि कायद्याला पण ते मान्य आहे, मग का नाही मागायचं.

वय १८ च्या आत असेल तर सगळंच वेगळं, तो बाल न्याय मंडळासमोर जातो आणि तिथे बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे. शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या दिवशीच घेऊन पळा. पोलीस कागदावर १९ वय लिहिलेलं असतं आणि दाखल्यावर १७ निघतं, असं होतं.

तारीख, म्हणजे डिफॉल्ट जामीन

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बऱ्याच लोकांचा इथेच हातातला हक्क जातो. ठराविक दिवसांत पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क तयार होतो आणि त्याला कलम ३७ लागत नाही, माल किती, कुणाचा, काही बघत नाहीत. कमर्शिअल, आणि १९, २४, २७अ साठी ही मुदत १८० दिवस. मधलं प्रमाण असेल तर शिक्षा "१० वर्षांपर्यंत" आहे म्हणून ६० दिवस, ९० नाही, हे राकेश कुमार पॉल या २०१७ च्या निकालावरून येतं.

मोजायचं कसं? पहिल्या रिमांडची तारीख धरून. अटकेची नाही, आणि रिमांडचा दिवस सोडून पण नाही, तो पहिला दिवस. समजा पहिला रिमांड ३ मार्चला झाला. मार्चचे २९ दिवस, एप्रिलचे ३० धरून ५९, म्हणजे साठावा दिवस १ मे. महाराष्ट्र दिन, कोर्टाला सुट्टी. सुट्टी आली म्हणून पोलिसांची मुदत वाढत नाही, लॉकडाऊनमध्ये सुद्धा वाढणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं होतं. २ मे ला हक्क तयार. आणि १८० दिवसांची केस असेल तर एकशेऐंशीवा दिवस २९ ऑगस्ट, हक्क ३० ऑगस्टला. कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा आणि वकिलाला आठवडाभर आधी आठवण करा, दोनदा करा.

हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. चार्जशीट यायच्या आधी अर्ज पडला पाहिजे. सकाळी कोर्ट उघडल्या उघडल्या अर्ज गेला आणि दुपारी पोलिसांनी चार्जशीट आणलं तरी हक्क राहतो, पण चार्जशीट आधी आलं आणि अर्ज नंतर, तर गेला. आणि दुसरी खाच अशी की अर्ज मंजूर झाला पण कोर्टाने दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा केला नाही तर आत ठेवणं परत कायदेशीर होतं. त्यामुळे जामीनदार आणि त्याचे कागद आधीच तयार पाहिजेत. हे सगळं २०२० च्या एम. रवींद्रन निकालात आहे, आणि ती एनडीपीएसचीच केस होती.

१८० दिवस संपत आले की सरकारी वकील मुदत वाढवून मागू शकतात, एकूण एक वर्षापर्यंत. पण त्यासाठी पोलिसांचा नुसता अर्ज चालत नाही, सरकारी वकिलाचा स्वत:चा रिपोर्ट लागतो ज्यात तपास कुठवर आला आणि आरोपीला अजून आत का ठेवायचं याची ठोस कारणं पाहिजेत. आणि २०२२ च्या जिगर अदातिया निकालानंतर त्या सुनावणीला आरोपीला हजर करून, व्हिडिओ कॉन्फरन्सवर का होईना, सांगायला लागतं की तुझी मुदत वाढवायचा अर्ज आलाय. भेटीत मुलाला विचारा, तुला असं कुणी सांगितलं का. नसेल सांगितलं तर तो मुद्दा सोन्यासारखा आहे.

सीए रिपोर्ट (मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल) नसताना चार्जशीट टाकलं तर ते अपुरं धरायचं का यावर देशभरात कोर्टांची मतं जुळत नाहीत, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २०२१ मध्ये तरी आरोपीच्या विरुद्ध मत दिलंय, त्यामुळे नाशिकमध्ये ह्या एकाच मुद्द्यावर भरवसा टाकून बसू नका.

कुठलं कोर्ट

अल्प प्रमाणाची एक वर्षापर्यंतच्या शिक्षेची केस मॅजिस्ट्रेटकडे. तीन वर्षांच्या वर शिक्षा असेल तर विशेष कोर्ट, म्हणजे सेशन कोर्ट. तिथे नामंजूर झाला तर हायकोर्ट, आणि आपल्या जिल्ह्यासाठी हायकोर्ट म्हणजे मुंबई, संभाजीनगरचं खंडपीठ धुळे जळगाववाल्यांचं. अटकपूर्व जामीन कमर्शिअलमध्ये जवळपास मिळतच नाही, त्यावर पैसे घालवायच्या आधी दुसऱ्या वकिलाचं मत घ्या.

हायकोर्टात जायचं असेल तर सेशनची ऑर्डर हातात आली की आधी ती वाचा, नेमकं कुठल्या कारणाने नाकारला ते बघा. घाईघाईत तोच अर्ज छापून मुंबईला पाठवला की नाकारलेला अजून एक कागद फाईलला लागतो, आणि पुढच्या वेळी "परिस्थितीत काय बदललं" हा प्रश्न येतो.

केस जुनी झाली, दोन तीन वर्षं झाली आणि साक्षीदार एक पण तपासला नाही, तर वेगळा रस्ता उघडतो. मोहम्मद मुस्लिम आणि रबी प्रकाश या २०२३ च्या निकालांत सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की खटला लांबला आणि माणूस आत सडतोय तर घटनेच्या कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) पुढे कलम ३७ आडवं येऊ शकत नाही. यासाठी लागतो रोजनामा. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते रोजनाम्यात असतं, आरोपीला जेलमधून आणलंच नाही, पंच गैरहजर, सरकारी वकिलांनी मुदत मागितली, न्यायाधीश रजेवर. त्याच्या सर्टिफाईड कॉपी नक्कल विभागातून काढा आणि तारखांचा तक्ता करा. उशीर आपल्यामुळे झाला नाही हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून आपल्या वकिलाने उगाच तारखा मागू नयेत याच्यावर पण तुम्हीच लक्ष ठेवायचं. ईकोर्ट्सच्या अॅपमध्ये सीएनआर नंबर (केसचा कोर्टातला नंबर) टाकला की तारखा घरबसल्या दिसतात.

जामीन मंजूर झाला, पुढे

इथे लोक पेढे वाटतात आणि मुलगा अजून पंधरा दिवस नाशिकरोड जेललाच असतो, कारण जामीनदार नाही. जामीनदाराला त्याचा आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि ऐपत दाखवायला ७/१२ किंवा घरपट्टी किंवा पगाराची स्लिप, कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो. अर्जाच्या सुनावणीच्या आधीच मामा काका कोण उभं राहणार ते ठरवा. लगेच जमत नसेल तर वकिलाला सांगून काही आठवड्यांसाठी कॅश भरून सोडावं आणि तोवर जामीनदार द्यायची मुदत मिळावी असा अर्ज टाकता येतो. कोर्टाबाहेर भाड्याने मिळणारा जामीनदार अजिबात घेऊ नका, खोटे कागद निघाले की तुमच्यावर नवा गुन्हा.

ऑर्डर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाने अटी हलक्या करायचा विचार करायचा, असं सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. केंद्राची गरीब कैद्यांना जामिनाचे पैसे द्यायची योजना आहे, पण एनडीपीएसचे आरोपी त्यातून वगळलेत. मला हे अजिबात पटत नाही, पाचशे रुपये रोजावर गोणी उचलणाऱ्या हमालाला सगळ्यात जास्त गरज असते, पण आत्ता नियम असा आहे म्हणून त्याच्या मागे वेळ घालवू नका.

सुटकेची ऑर्डर संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आत जेल रोडला पोचली पाहिजे, उशीर झाला की रात्र आतच. दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वॉरंट पेंडिंग असेल तर जेलच्या दारातून परत उचलतात, ते आधी तपासून घ्या.

अटी वाचा आणि फोटो काढून फोनमध्ये ठेवा. दर रविवारी पोलीस स्टेशनला हजेरी असेल तर तिथे सही केल्याची नोंद झाली का बघा. नोकरीसाठी पुण्याला जायचं असेल तर आधी कोर्टाची परवानगी. अट अशक्य असेल तर मोडू नका, बदलून मागा. फोनचं लोकेशन कायम पोलिसांना दिसत राहील अशी अट घालता येत नाही, हे २०२४ च्या फ्रँक व्हायटस निकालात आलंय आणि ती पण एनडीपीएसचीच केस होती. तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट निघतं आणि एनडीपीएसमध्ये परत जामीन मिळवणं पहिल्यापेक्षा अवघड.

आणि सुटल्यावर तडीपारीची नोटीस किंवा एमपीडीएची (महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा) ऑर्डर येऊ शकते. एमपीडीए १९८१ मध्ये ड्रग्जवाले आरोपी नावानिशी आहेत आणि त्यात खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. तडीपारीची नोटीस आली तर दिलेल्या तारखेला लेखी उत्तर द्या, एमपीडीएची ऑर्डर आली तर त्याच दिवशी वकिलाकडे जा, कारण तिथे जामीन हा प्रकारच नसतो, सल्लागार मंडळापुढे म्हणणं मांडायचं आणि हायकोर्टात रिट. गाडी जप्त असेल, टेम्पो रिक्षा ज्याच्यावर घर चालतं, तर तिच्यासाठी वेगळा अर्ज करा, जानेवारी २०२५ च्या बिस्वजित डे निकालानंतर एनडीपीएसमधली गाडी खटला संपेपर्यंत ताब्यात देता येतच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आरसी बुक, इन्शुरन्स आणि फायनान्सचं स्टेटमेंट सोबत न्या.